विश्लेषण : शहराच्या धावपळीत स्वत:साठी वेळ का उरत नाही? तो ‘काढायचा’ की ठरवून घ्यायचा?

सकाळची लोकल, दिवसभराचे कार्यालय, रात्रीचा स्वयंपाक आणि झोपताना हातात आलेला मोबाइल. मोठ्या शहरांतील अनेकांचा दिवस असाच संपतो आणि ‘स्वत:साठी वेळच मिळत नाही’ ही तक्रार तेवढी उरते. त्यावर पहाटे लवकर उठा, दिवसाचे नियोजन करा असे सल्ले भरपूर मिळतात. पण सरकारी पाहणीतील आकडे, साप्ताहिक सुट्टीचा इतिहास आणि घरातील कामांची वाटणी पाहिली, तर अडचण केवळ नियोजनाची नाही हे लक्षात येते. घरातील एकाला मोकळा तास हवा असेल, तर त्या तासातले काम दुसऱ्या कोणी तरी उचलावे लागते. ते कोणी उचलायचे, यावर बरेच काही अवलंबून आहे.

स्वत:चा वेळ म्हणजे नेमके काय?

काम नसलेला प्रत्येक वेळ स्वत:चा असतोच असे नाही. मुलाच्या क्लासबाहेर दुचाकीवर बसून काढलेला पाऊण तास रिकामा असतो, पण तो क्लास सुटण्याच्या वेळेला बांधलेला असतो. कुटुंबाबरोबर रविवारी बागेत जाणे आनंदाचे असते, पण डबे भरणे, पाण्याच्या बाटल्या घेणे आणि मुलांवर लक्ष ठेवणे ज्याच्याकडे असते, त्याच्यासाठी ती सहलही थोडीफार ड्युटीच असते.

स्वत:च्या वेळेची ओळख तीन गोष्टींवरून पटते. त्या वेळात कोणी हाक मारणार नाही, याची बऱ्यापैकी खात्री असते. त्या वेळात काय केले, याचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही. आणि तो वेळ मिळणार हे आधीपासून माहीत असते. अचानक बैठक रद्द झाल्याने मिळालेला अर्धा तास बहुधा फोन चाळण्यातच जातो, कारण त्याचे काय करायचे हे मनाने ठरवलेलेच नसते. त्या वेळात वाचन करावे, गाणे ऐकावे, चालायला जावे की नुसते गॅलरीत बसून राहावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

दिवसाचे चोवीस तास जातात कुठे?

उदाहरणादाखल डोंबिवलीत राहून दक्षिण मुंबईत नोकरी करणाऱ्या, शाळकरी मूल असलेल्या एखाद्या व्यक्तीचा दिवस मांडून पाहता येईल. पहाटे साडेपाचला उठणे, पावणेआठला घर सोडणे, साडेनऊला कार्यालयात पोहोचणे, साडेसहाला निघणे आणि सव्वाआठला घरी येणे. रात्री सव्वाअकराला झोप.

म्हणजे झोपेचे सव्वासहा तास, कार्यालयाचे नऊ तास आणि रिक्षा, फलाट, लोकल, पुन्हा चालणे मिळून प्रवासाचे साडेतीन तास. हे झाले पावणेएकोणीस तास. उरलेल्या सव्वापाच तासांतील दोन तास आंघोळ, जेवण, तयारी यांत जातात. सकाळचे डबे, रात्रीचा स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, बिले, औषधे, दुसऱ्या दिवसाची भाजी निवडणे यासाठी अडीच तास धरले, तर हातात राहतात पंचेचाळीस मिनिटे. तीही सलग नव्हेत. दहा मिनिटे सकाळी, पंधरा मिनिटे जेवणानंतर आणि उरलेली अंथरुणावर.

यात लोकल उशिरा आली, पाहुणे आले किंवा मुलाला ताप आला तर पहिला बळी याच पंचेचाळीस मिनिटांचा जातो. कार्यालयाची वेळ पुढे ढकलता येत नाही, स्वयंपाक टाळता येत नाही. स्वत:चा वेळ तेवढा रद्द करता येतो, कारण त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि तो रद्द झाला तर कोणी विचारतही नाही.

सरकारी आकडेवारी काय सांगते?

देशातील लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात, याची पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करते. २०१९ मध्ये आणि त्यानंतर २०२४ मध्ये असे ‘वेळ वापर सर्वेक्षण’ झाले. २०२४ च्या पाहणीत १ लाख ३९ हजारांहून अधिक कुटुंबांतील, सहा वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे साडेचार लाख व्यक्तींची माहिती घेण्यात आली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस धरून, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खान्यांत त्या वेळी काय केले याची नोंद होते.

या पाहणीनुसार संस्कृती, फुरसत, प्रसारमाध्यमे आणि खेळ या गटातील गोष्टींवर सरासरी १७१ मिनिटे जातात. पुरुषांसाठी हा आकडा १७७, तर महिलांसाठी १६४ मिनिटे आहे. म्हणजे जवळपास तीन तास. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या शहरी नोकरदाराला हा आकडा खोटाच वाटेल.

पण सरासरीत शाळकरी मुले, निवृत्त माणसे, शहर आणि खेडे असे सारेच आले. डोंबिवलीच्या उदाहरणातील व्यक्तीला ही सरासरी लागू होत नाही. शिवाय मोकळा म्हणून नोंदलेला वेळ सलग होता की तुकड्यातुकड्यांत, त्यात किती वेळा उठावे लागले, हे एकूण मिनिटांवरून कळत नाही. टीव्हीसमोर बसून मटार सोलणारी व्यक्ती आणि पाय पसरून सामना पाहणारी व्यक्ती एकाच खोलीत असतात, पण दोघांची फुरसत सारखी नसते.

मोकळ्या वेळेचा चुरा कसा होतो?

दोन तास सलग मिळणे आणि दहा-दहा मिनिटांचे बारा तुकडे मिळणे, बेरजेत सारखेच. प्रत्यक्षात मात्र बारा तुकड्यांत पुस्तकाचे एक प्रकरणही नीट वाचून होत नाही. वेळेचा असा चुरा होण्यात मोबाइलचा वाटा मोठा आहे. सोसायटीचा गट, शाळेचा गट, कार्यालयाचा गट, बँकेचा संदेश, मागवलेल्या वस्तूचा ओटीपी. प्रत्येक संदेशाला अर्धे मिनिट लागते, पण मन जिथे होते तिथे परत यायला त्याहून बराच अधिक वेळ जातो.

दुसरी बाब रात्रीची. दिवसभरात एक क्षणही आपला नव्हता, अशी भावना असणारी माणसे झोप येत असूनही जागी राहतात. ‘आता तरी माझा वेळ’ म्हणत रील्स पाहत एक वाजतो. या सवयीसाठी चिनी भाषेत ‘सूड म्हणून जागरण’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ झाला आणि करोनाकाळात तो जगभर पोहोचला. नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्येच, बाहेरून कोणतीही अडचण नसताना झोप लांबवण्याच्या या सवयीकडे शोधनिबंधातून लक्ष वेधले होते.

या जागरणाला आळस किंवा व्यसन म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. दिवसा वाटा न मिळाल्याने माणूस रात्री झोपेतून तो वाटा काढून घेतो, हे त्यामागचे एक कारण असू शकते. अशा वेळी ‘फोन बाजूला ठेव’ एवढे सांगून भागत नाही. दिवसा काही वेळ हक्काचा मिळाला, तर रात्रीची ओढ कमी होण्याची शक्यता अधिक.

महिलांच्या वाट्याला हा वेळ कमी का येतो?

२०२४ च्या पाहणीत घरातील बिनपगारी कामांसाठी महिला दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर ही कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत महिलांची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषांचीही नऊ मिनिटे कमी झाली. दोघांमधील सुमारे २०० मिनिटांचे अंतर जागेवरच राहिले. शिवाय ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच आहे. २०१९ मध्ये महिलांपैकी ८१.२ टक्के, तर पुरुषांपैकी केवळ २६.१ टक्के घरकामात सहभागी होते. मुले, वृद्ध आणि आजारी यांची देखभाल वेगळी. १५ ते ५९ वयोगटात ती करणाऱ्या महिला दिवसाला १४० मिनिटे, तर पुरुष ७४ मिनिटे देतात.

नोकरी करणाऱ्या स्त्रीला घरी आल्यावर दुसरी पाळी सुरू करावी लागते, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशशिल्ड यांनी १९८९ मधील ‘द सेकंड शिफ्ट’ या पुस्तकात मांडले. मुंबईकर महिलांना ते वेगळे सांगण्याची गरज नाही. महिलांसाठीची पहिली विशेष लोकल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली धावली. त्या गाडीत आणि एरवीच्या महिला डब्यातही भाजी निवडणारे हात, भजन म्हणणारे गट आणि खिडकीशी डोळे मिटून बसलेल्या प्रवासी एकत्र दिसतात. अनेकींसाठी दिवसातला एकमेव स्वत:चा वेळ हा लोकलमधलाच असतो, कारण तिथे घर आणि कार्यालय दोन्हींचा हात पोहोचत नव्हता. मोबाइलने आता ती मोकळीकही कमी केली आहे.

हाताने होणाऱ्या कामाखेरीज डोक्यातले कामही असते. गॅस कधी संपेल, शाळेत उद्या कोणते साहित्य न्यायचे आहे, सासूबाईंच्या गोळ्या किती उरल्या, कामवाल्या मावशी उद्या येणार का. ‘मला सांग, मी करतो’ असे म्हणणारा नवरा काम करतो, पण लक्षात ठेवण्याचे काम पुन्हा बायकोकडेच राहते. त्यामुळे ती मैत्रिणींसोबत नाटकाला बसली तरी मध्यंतरात घरून फोन येतोच. ‘अगं, कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या?’

या कामाची दखल न्यायालयानेही घेतली आहे. मोटार अपघात भरपाईच्या एका प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीचे मानीव उत्पन्न ठरवण्याबाबत विवेचन करताना २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणातील २९९ आणि ९७ मिनिटांचा दाखला दिला होता.

वेळ न मिळाल्याने बिघडते काय? आणि किती वेळ पुरेसा?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो. दीर्घ कामाच्या तासांशी संबंधित अशा मृत्यूंचा २०१६ मधील जागतिक अंदाज ७ लाख ४५ हजार इतका होता. कामाचे तास वाढले की आधी व्यायाम, मग झोप आणि मग डॉक्टरकडे जाणे पुढे ढकलले जाते, हे कोणत्याही घरात दिसते.

मात्र जितका मोकळा वेळ अधिक तितके समाधान अधिक, असेही सरळ गणित नाही. अमेरिकेतील माहितीवर आधारित २०२१ मधील एका अभ्यासात मोकळा वेळ दिवसाला साधारण दोन तासांपर्यंत वाढला की समाधान वाढते, पुढे ते स्थिरावते आणि पाच तासांपलीकडे घटू लागते, असे आढळले. निवृत्तीनंतर वेळ खायला उठणाऱ्यांना हे पटेल. भारतीय शहरांतील नोकरदारांसाठी दोन तास हे दूरचे स्वप्न असले, तरी थोड्या वेळानेही फरक पडतो.

रविवारची सुट्टी कशी मिळाली?

आज हक्काची वाटणारी साप्ताहिक सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना मागून घ्यावी लागली होती. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांना संघटित केले आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगासमोर मांडले. मागण्या साध्या होत्या. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार.

त्यानंतर सहा वर्षे पाठपुरावा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद आली.

या इतिहासातून आजही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट दिसते. एकेका कामगाराने स्वत:पुरते नियोजन सुधारून ही सुट्टी मिळवलेली नाही. सर्वांना ठाऊक असलेला, सर्वांसाठी एकच असलेला दिवस ठरला, म्हणून ती टिकली. रविवारी कामावर का आला नाहीस, असे कोणी विचारत नाही. स्वत:च्या वेळेलाही असेच ठरलेपण आले तर तो टिकतो.

आजचा कायदा काय सांगतो?

कामाचे तास आठवड्याला ४८ पर्यंत मर्यादित ठेवण्याची आणि साप्ताहिक सुट्टीची तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात होती. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून १२ तास आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा नऊवरून दहा तास करण्यास मंजुरी दिली. गुंतवणूक आणि रोजगार वाढेल, अशी त्यामागील सरकारची भूमिका, तर प्रवासाचे तास धरले तर कामगाराच्या हातात काहीच उरणार नाही, असा कामगार संघटनांचा आक्षेप. आठवड्याला ७० तास काम करावे, असे एन. आर. नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये म्हटल्यावर आणि २०२५ च्या आरंभी एस. एन. सुब्रह्मण्यन यांच्या ९० तासांच्या विधानानंतर झालेला वाद ताजा आहे.

कार्यालय सुटल्यावर येणारे फोन आणि ईमेल हा नवा मुद्दा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना याबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेरील संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. मात्र हा नकार अवाजवी नसावा, अशी अट आहे. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये ‘राइट टू डिस्कनेक्ट’ हे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. खासगी विधेयक मंजूर होण्याचे उदाहरण १९७० नंतर नाही. त्यामुळे कायदा येईपर्यंत संघाने आपसांत नियम ठरवणे हाच मार्ग उरतो. रात्री आठनंतर तातडीचे असेल तरच फोन, बाकी सारे सकाळी ईमेलवर, एवढे वरिष्ठांनी स्वत: पाळले तरी पुष्कळ.

घरात स्वत:चा तास कसा ठरवायचा?

सुरुवात नोंदीपासून करता येते. सरकारी पाहणीप्रमाणेच अर्ध्या-अर्ध्या तासाचे खाने आखून तीन दिवस लिहायचे, दोन कामाचे आणि एक सुट्टीचा. घरातील प्रौढ सगळ्यांनीच लिहिले तर उत्तम. ‘मीच सगळे करते’ आणि ‘मी पण करतोच की’ या वादापेक्षा दोन कागद शेजारी ठेवल्याने बोलणे लवकर मुद्द्यावर येते.

दुसरे, रोजचा तास मागण्यापेक्षा आठवड्याचा हिशेब धरावा. आठवड्याचे तास १६८. त्यातील एक-एक तासाच्या दोन बैठका म्हणजे सव्वा टक्क्याहूनही कमी. वार आणि वेळ ठरलेली हवी, उदाहरणार्थ मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असे म्हटले की तो मिळत नाही.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. त्या तासात घरात काय काय येते, याची यादी करायची. कुकर लावणे, दूध तापवणे, मुलाचा गृहपाठ, आजींच्या गोळ्या, दार उघडणे. प्रत्येक कामापुढे नाव लिहायचे. मंगळवारचा तास तिचा असेल तर कामे त्याची, गुरुवारचा तास त्याचा असेल तर कामे तिची. काम सोपवले की पूर्ण सोपवायचे. वरणात मीठ कमी पडले, मुलाने वेगळ्याच रंगाचा शर्ट घातला तरी फोन करायचा नाही आणि परत आल्यावर टोमणाही मारायचा नाही. पहिले तीन-चार आठवडे अडखळतात, नंतर घराला सवय होते. मुलांनाही कळते की आईचा वेळ असतो, बाबांचा वेळ असतो आणि त्या वेळात जगबुडी होत नाही.

चौथे, त्या तासाला उपयोगाचा भार नको. त्यातच ऑनलाइन अभ्यासक्रम, त्यातच वजन घटवण्याचे लक्ष्य, त्यातच बँकेची कामे असे सुरू झाले की तो आणखी एक कामाचा तास होतो. मग लोकांचे म्हणणे येते, ‘एवढा वेळ घेतलास, काय केलेस?’ काही नाही, हे उत्तर चालले पाहिजे.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण किंवा तान्हे बाळ आहे, त्यांच्यासाठी हे सोपे नाही. तिथे भावंडांनी पाळी लावणे, महिन्यातून दोन दिवस दुसऱ्या कोणी मुक्कामाला येणे, इमारतीतील दोन-तीन पालकांनी एकमेकांची मुले आळीपाळीने सांभाळणे असे उपाय असतात. आईची शुश्रूषा करणाऱ्या बहिणीला ‘काही लागले तर सांग’ म्हणण्यापेक्षा ‘मी रविवारी दुपारी दोन ते सहा येतो, तू बाहेर जा’ असे म्हणणारा भाऊ अधिक उपयोगाचा.

वेळ मिळाला, पण बसायचे कुठे?

शहरातील घरे लहान. वन बीएचकेमध्ये चार माणसे, त्यात एकाचे घरून काम आणि दुसऱ्याची ऑनलाइन शिकवणी असेल, तर स्वत:च्या वेळेला खोलीच नसते. भाड्याच्या घरात तिघा-चौघांबरोबर राहणाऱ्या तरुणांची अडचणही हीच. घरात थांबून ‘मला हाक मारू नका’ म्हणणे फारसे चालत नाही. म्हणून त्या तासापुरते घराबाहेर पडणे बरे. गच्ची, बाग, वाचनालय, तळ्याकाठचा कट्टा, देवळाचा सभामंडप, जे जवळ असेल ते.

पुरुष नाक्यावर किंवा कट्ट्यावर काहीही न करता तासभर उभा राहू शकतो. महिलेला मात्र बाहेर असण्याचे कारण दाखवावे लागते. खांद्याला पिशवी, कानाला फोन, चालण्याला वेग. मुंबईतील सार्वजनिक जागांचा अभ्यास करून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये लिहिलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात याच मुद्द्याची मांडणी आहे. बागेत उजेड, बसायला बाक, जवळ स्वच्छ स्वच्छतागृह आणि संध्याकाळी लवकर बंद न होणारे फाटक, या गोष्टी महापालिकेच्या अखत्यारीतील असल्या तरी कोणाच्या तरी स्वत:च्या वेळेशी त्यांचा थेट संबंध आहे.

विकत घेतलेला वेळ कोणाचा असतो?

पैसे असलेल्यांना वेळ विकत घेता येतो. पोळ्यांना बाई, इस्त्रीला दुकान, भाजी दारात. वेळ वाचवणाऱ्या सेवांवर खर्च करणारे लोक अधिक समाधानी असतात, असे अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क आणि नेदरलँड्समधील सहा हजारांहून अधिक लोकांवर आधारित २०१७ मधील अभ्यासात दिसले. चार घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी ऐन दिवाळीत सुट्टी घेतली की हा अभ्यास न वाचताही तो पटतो.

पण हा वेळ हवेतून येत नाही. मावशी सकाळी सहाला स्वत:चा स्वयंपाक उरकून निघतात, चार घरे करून दुपारी परततात आणि घरी त्यांची दुसरी पाळी सुरू होते. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी आठवड्याची सुट्टी ही आजही बहुतेक ठिकाणी घरमालकिणीच्या मर्जीवर असते. महिन्याला दोन खाडे माफ, त्यापुढे पगार कापला जाईल, असे व्यवहार सर्रास चालतात. दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणाऱ्या तरुणाच्या वेळेचे गणितही याहून फार वेगळे नाही.

ज्या घरात मंगळवारचा तास ठरला, त्या घराला मावशींचा रविवार ठरवणेही अवघड नसावे. त्या दिवशी भांडी घरातल्यांनी घासायची आणि पगार कापायचा नाही. गिरणी कामगारांना रविवार मिळून १३५ वर्षे उलटून गेली आहेत. शहरात ज्यांच्या कामावर इतरांचा वेळ वाचतो, त्यांच्यापर्यंत तो अजून पूर्णपणे पोहोचलेला नाही.